आठ पाने आणि एक पेला

परभाषेतून आलेले शब्द आपल्या घरात एकदम आत येत नाहीत. काही दिवस ते अंगणात उभे राहतात, मग ओसरीवर टेकतात, आणि एखादी पिढी गेल्यावर थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात. 'हॉटेल' या शब्दाचेच पाहा. आमच्या आजोबांच्या तरुणपणी हॉटेलात चहा पिणारा मुलगा हातचा गेला असे समजण्यात येई. आमच्या वडिलांनी प्रवासात निरुपाय म्हणून हॉटेलची पायरी चढली. आज आमच्या नातवंडांच्या तोंडी तो शब्द देऊळ किंवा बाजार या शब्दांइतकाच निरुपद्रवी झाला आहे. परंतु 'पब' हा शब्द मात्र वडनेरच्या आमच्या घरी गेल्या वर्षापर्यंत अंगणातसुद्धा आला नव्हता. वर्तमानपत्रात तो दृष्टीस पडे तो बहुधा पोलिसांच्या धाडीच्या किंवा मोटारीच्या अपघाताच्या बातमीत. अशा ठिकाणी आम्ही सहकुटुंब सहपरिवार, रविवारी सकाळी, जेवावयास गेलो. ही हकीकत वाचकांस सांगावी असे वाटते, कारण तेथे आमच्या मंडळींत जे बोलणे झाले ते घरी पंचवीस वर्षांत झाले नव्हते.

प्रथम आमच्या गावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले गाव. नागपुराहून हैदराबादेस जाणारा राजमार्ग येथून जातो. भोवताली कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. महात्माजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये सेवाग्रामी राहावयास गेले. विनोबांचा आश्रम पवनारास धाम नदीच्या काठी. या दोघा महापुरुषांच्या वास्तव्याने पुनीत झालेला जिल्हा म्हणून १९७४ पासून येथे दारूबंदी आहे. कायद्याप्रमाणे सबंध जिल्ह्यात दारूचे एकही दुकान नाही. दक्षिणेस वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, आणि तेथे ती आहेत. दोन्ही काठांची माती एकच, पऱ्हाटी एकच, माणसे एकमेकांचे सोयरे. फरक काय तो एवढाच.

आमचा धाकटा बंधू याच दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूने गेला. कधी मोहाची हातभट्टीची, कधी नदीपलीकडून आलेली. घरातील एकाही माणसाने त्यास पिताना पाहिले नाही, हे विशेष. घरात तो सालस, बोलण्यात मृदू, सणावारी सोवळे नेसून पूजेस बसणारा. तो गेला तेव्हा त्याचे वय एकोणचाळीस होते आणि त्याचा मुलगा पाच वर्षांचा. वडील तेव्हा हयात होते. समाचारास येणाऱ्यांस त्यांनी 'कावीळ' असे सांगितले, आणि तोच शब्द घरात कायम झाला. शब्द खोटा नव्हता; यकृत बिघडले म्हणजे कावीळ होतेच. परंतु तो लक्षणाचा शब्द होता, कारणाचा नव्हे. आमच्या भावजयीने, जिला घरात लहानथोर सर्व काकू म्हणतात, त्या शब्दाविरुद्ध कधी चकार काढला नाही. मुलगा आमच्याच घरी आमच्या चिरंजीवाच्या बरोबरीने वाढला, शिकला, आणि पुण्यास एका संगणकाच्या कंपनीत लागला. गेल्या वर्षी त्याने तेथे स्वतःचे घर घेतले. शनिवारी वास्तुशांती होती. तीसाठी आम्ही, सौ., काकू, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे असे सातजण वर्ध्याहून रात्रीच्या आगगाडीने पुण्यास गेलो.

वास्तुशांती यथासांग झाली. रात्री पुतण्या म्हणाला, "काका, उद्या स्वयंपाक नको. सगळ्यांना मी बाहेर नेतो. अकराची वेळ सांगून ठेवली आहे." कोठे, म्हणून विचारता त्याने जरा घुटमळत सांगितले की, ते विलायती धर्तीचे पब आहे, परंतु रविवारी सकाळी तेथे घरंदाज मंडळी मुलांबाळांसह 'ब्रंच' घेण्यास येतात. सौ. एकदम म्हणाल्या, "काल वास्तुशांत, आणि आज दारूच्या दुकानात?"

यावर जो वाद झाला त्यात आमच्याकडे शास्त्रार्थाचे काम आले. आम्ही मॅट्रिक झालो आणि पुढे संस्कृताच्या परीक्षा देऊन मास्तरकी पत्करली. तेव्हा असल्या प्रसंगी घरचे लोक आमच्याकडे पाहतात. मनूने जी पाच महापातके सांगितली आहेत त्यांत सुरापान दुसरे आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु पाचवे कोणते, हे फारसे कोणी सांगत नाही. पाचवे म्हणजे पहिल्या चार पातकांच्या कर्त्यांशी संसर्ग. म्हणजे स्वतः न पिता पिणाऱ्याच्या पंक्तीस बसणे, हाही प्रश्न शास्त्रकारांनी विचारात घेतला होता. तथापि त्याच स्मृतीत हा संसर्ग वर्षभर घडला म्हणजे पातित्य येते असे म्हटले आहे. आणि पुतण्याने जागा सांगून ठेवली होती ती दोन तासांची. हे ऐकून नातवंडे हसली. सौ. हसल्या नाहीत.

शेवटी सर्वांनी काकूंकडे पाहिले. त्यांनी हातातली वात वळणे न थांबविता सांगितले, "तो जिथे जातो ती जागा मला पाहायची आहे." मग वादास जागा उरली नाही.

पुण्याच्या पूर्वभागात, जिकडे नवीन वस्ती झाली आहे, तिकडे हे स्थान होते. याच शहरात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधनाची चळवळ चालविली होती, आणि स्वयंसेवक गिऱ्हाइकांस हात जोडून परत पाठवीत असत. दाराशी उतरताना हे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. दारावर लोखंडी दांडीस टांगलेली, सिंहाचे चित्र रंगविलेली एक पाटी होती. अशी पाटी लावण्याचा प्रघात फार जुना. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ मध्ये यवसुरा विकणाऱ्याने आपल्या घराबाहेर खूण टांगलीच पाहिजे असे फर्माविले होते. लोक निरक्षर, त्यांस अक्षरांपेक्षा सिंह, मुकुट, घोडा ही चित्रे लवकर कळत.

'पब' हे 'पब्लिक हाउस' या शब्दांचे संक्षिप्त रूप, म्हणजे सरळ मराठीत 'सार्वजनिक घर'. इंग्लंडातील खेड्यात हे घर म्हणजे आपली चावडी, देवळाचा पार आणि खानावळ यांचे मिश्रण असे म्हटले तरी चालेल. गावच्या बातम्या, शेतीचे भाव, लग्नाच्या वाटाघाटी सर्व तेथे. परंतु मौज अशी की, ज्याला सार्वजनिक म्हणावयाचे त्यातही वर्ण होते. मजुरांची बैठक निराळी, प्रतिष्ठितांची निराळी, मध्ये कोरीव काचेचे पडदे. आणि १९०८ च्या बालकांविषयीच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांस पिण्याच्या दालनात मज्जाव होता. विशिष्ट परवाना असलेल्या जागी मोठ्या माणसांबरोबर मुलांस आत घेण्याची मोकळीक इंग्लंडात १९९५ पासून मिळाली. म्हणजे आमच्या नातवंडांनी जो अनुभव घेतला तो त्या देशातील मुलांसही फार जुना नाही.

आत काळसर लाकडाच्या भिंती, पितळी दांड्या, कोपऱ्यात तांबडी टेलिफोनची पेटी आणि बाण फेकून मारण्याची एक चकती. दिवसाउजेडी पाहिले तर ही जागा एखाद्या जुन्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यासारखी वाटत होती. शेजारच्या मेजावर एक आजीबाई नातीस भरवीत होत्या. त्यापलीकडे चार तरुण मुलगे आणि दोन मुली. त्यांच्यापुढे पेले होते, परंतु कोणाचा आवाज चढलेला नव्हता. काकू प्रत्येक मेजाकडे सावकाश पाहात होत्या. बाजारात भाजी पारखावी तसे त्या पाहात होत्या, असे म्हटले असता वावगे होणार नाही.

'ब्रंच' हा शब्द न्याहारी आणि दुपारचे जेवण या दोहोंच्या इंग्रजी नावांची संधी करून बनविलेला आहे. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये एका नियतकालिकात याची शिफारस केली. रविवारी उशिरा उठावे व दोन जेवणांऐवजी एकच, हलक्यापासून जडाकडे जाणारे, करावे, म्हणजे मनुष्य प्रसन्न राहतो, असे त्याचे म्हणणे. हे वाचून आम्हांस हसू येते. आम्ही छत्तीस वर्षे सकाळी दहा वाजता वरणभात, भाजी-पोळी जेवून अकराच्या शाळेस गेलो. शाळामास्तर, कारकून, पोस्टमास्तर या सर्वांच्या घरी हाच क्रम होता. बेरिंजरसाहेबांनी ज्याची रविवारापुरती मागणी केली ते आमच्या घरच्या बायका सोमवार ते शनिवार, चुलीपुढे पहाटे पाचास बसून, करून वाढीत होत्या. त्यास कोणी नाव दिले नाही एवढेच.

पदार्थांची यादी पाहताना आणखी गंमत झाली. 'केजरी' म्हणून एक पदार्थ होता. तो म्हणजे आपली खिचडी विलायतेस जाऊन मासे-अंडी पोटात घालून परत आलेली. एका बीअरच्या नावातच 'इंडिया' होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून हिंदुस्थानातील गोऱ्यांसाठी जी कडू यवसुरा जहाजांनी येई तिची ही वंशज. 'नांगऱ्याचे जेवण' अशा अर्थाचा एक प्रकार आम्ही मागविला. लाकडाच्या पाटावर जाड पावाचा तुकडा, चीज, कच्चा कांदा आणि लोणचे. हे पाहताच आम्हांस आमच्या शेतावरील सालदाराची न्याहारी आठवली: ज्वारीची भाकर, कांदा, ठेचा. फरक किमतीचा, ती आम्ही येथे छापीत नाही. पुढे पुतण्याने सांगितले की, हे नाव वाटते तितके प्राचीन नव्हे. १९५० नंतरच्या दशकात चीजचा खप वाढावा म्हणून तेथील चीजच्या धंदेवाल्यांच्या संस्थेने ते लोकप्रिय केले. पाव, चीज, कांदा खाणारा नांगऱ्या खरा, परंतु त्याच्या जेवणास प्रतिष्ठा आली ती जाहिरातीने. आमच्या सालदाराच्या भाकरीचे भाग्य अजून उघडावयाचे आहे.

शाकाहारी पदार्थांपुढे हिरवा ठिपका छापलेला होता. तो ठिपका पाहून आम्हांस गांधीजींच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग आठवला व तो आम्ही नातवंडांस सांगितला. मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य, अशी शपथ आईपुढे घेऊन ते १८८८ मध्ये विलायतेस गेले. तेथे एका स्नेह्याने त्यांस हॉबर्न रेस्टॉरंट नामक मोठ्या भोजनगृहात नेले. सार पुढे आले तेव्हा त्यात मांस आहे किंवा कसे हे त्यांनी वाढप्यास विचारू पाहिले. स्नेही संतापला, सभ्य लोकांत वागता येत नसेल तर बाहेर जाऊन जेव, म्हणाला. गांधीजी उठून बाहेर गेले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते, म्हणून रात्र उपाशी काढली. परंतु स्नेह्याबरोबर नाटकास मात्र गेले. पुढे बॅरिस्टरीच्या भोजनांत चौघांत मिळून मद्याच्या दोन बाटल्या येत, तेव्हा न पिणाऱ्या गांधींस आपल्या चौकडीत ओढण्यास इतर विद्यार्थी उत्सुक असत. नातीने विचारले, "म्हणजे ते पिणाऱ्यांच्या टेबलावर बसत होते?" आम्ही म्हटले, बसत होते. ती म्हणाली, "मग मनूचे पाचवे?" मुले अलीकडे ऐकलेले लक्षात ठेवतात हे पाहून मास्तर म्हणून आम्हांस समाधान वाटले; उत्तर मात्र चटकन सुचले नाही.

जेवण आले. भाजलेले टोमॅटो, अळंबी, बटाटे, टोमॅटोच्या रसातील घेवडा, टोस्ट. नातवाच्या ताटात अंडे होते, सौ.नी ते पाहिले आणि पाहिले नाही. याच वेळी वाढपी पुतण्याकडे वळून, पिण्यास काय आणू, असे इंग्रजीत विचारता झाला. पुतण्या काही क्षण बोलला नाही. मग आमच्याकडे, आणि मग आईकडे पाहून म्हणाला, "मी मित्रांबरोबर आलो म्हणजे एक बीअर घेतो. तुमच्यासमोर 'मी पीत नाही' असे दाखवायचे मला बरे वाटत नाही. नको म्हणालात तर मागवत नाही."

आठ पानांवरचे सर्व हात थांबले. आमच्या पिढीस मद्याचा पेला म्हटला म्हणजे गडकऱ्यांचे १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' आठवते, आणि त्यातील सिंधू डोळ्यांपुढे उभी राहते. येथे तर सिंधू स्वतःच समोर बसली होती. सौ.नी आमच्याकडे पाहिले. वडील माणसाने बोलावे अशी त्यांची अपेक्षा. परंतु बोलण्याचा अधिकार ज्यांचा होता त्यांनीच तोंड उघडले.

"माग, बाप्पा," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर घे. तुझे बाबा घरात कधी प्याले नाहीत. किती घेतात, कुठे घेतात, कोणाबरोबर घेतात, मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळतं तर भांडली असती. कावीळ कावीळ म्हणतात ना, ती दारूची होती. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते."

पुतण्या म्हणाला, "मला माहीत होतं, आई. शाळेत पोरं म्हणायची."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू सांगत नव्हतीस म्हणून."

यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. सूनबाईंनी मुलांच्या ताटात उगाच काही वाढले. वाढपी बिचारा उभाच होता. पुतण्याने त्यास एक पेला सांगितला. तो आला. पुतण्याने तो सावकाश, बोलत बोलत, जेवणाबरोबर संपविला. काकू त्याच्याकडे पाहात होत्या. रागाने नव्हे, मोजल्यासारख्या. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी विचारले, "आणखी घेतोस?" तो नाही म्हणाला. "नेहमीच एक?" त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, कधी दोन होतात. "दोनाच्या वर गेलास तर मला फोन करून सांगायचं," त्या म्हणाल्या; आणि मग स्वतःसाठी चहा मागविला.

वाचकहो, या प्रसंगावरून आम्ही मद्याचा पक्ष घेत आहोत असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. पेला वाईटच, आमच्या घराइतके हे कोणास ठाऊक असणार? दारूबंदी उठवावी असेही आमचे म्हणणे नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळी दोन्ही पक्षांनी आपापली दुःखे सांगितली आणि दोन्ही खरी होती. ज्या गावात दुकान नाही तेथे मजुरीचे पैसे घरी पोहोचण्याची आशा थोडी अधिक असते, हे बायका सांगतात ते काही पुस्तकात वाचून नव्हे. आमचे म्हणणे निराळे आहे.

महाभारतात दोन दारूबंद्या आहेत. एक शुक्राचार्यांची. कचाची राख दैत्यांनी मद्यात मिसळून त्यांस पाजली, तेव्हा आपल्या हातून काय घडले हे त्यांनी शिष्यांपुढे उघड केले, आणि इतःपर ब्राह्मणाने मद्य पिऊ नये अशी मर्यादा घातली. दुसरी द्वारकेची. तेथे दवंडी पिटली की, जो कोणी मद्य गाळील त्यास सुळी देण्यात येईल. द्वारका कोरडी झाली. मग यादव यात्रेच्या निमित्ताने प्रभासक्षेत्री गेले, तेथे यथेच्छ प्याले, आणि एकमेकांस मारून संपले. पहिल्या बंदीच्या मुळाशी एका जाणत्या माणसाने आपल्या तोंडाने सांगितलेली हकीकत होती. दुसरीच्या मुळाशी सुळाची भीती. आमच्या जिल्ह्याची बंदी दोन सत्पुरुषांच्या नावाने झाली, हे तिचे भाग्य. परंतु घरोघरी जे मोकळेपणाने सांगावयाचे ते न सांगता आपण नुसत्या दवंडीवर विसंबलो, तर नदीपलीकडे प्रभासक्षेत्र तयारच असते. आमचा बंधू तिकडेच गेला.

घरचे पान हे खरे म्हणजे विचारपूस करण्याचे स्थान. जेवताना मुलगा दोन घास कमी खातो हे आईस दिसते, त्याचा हात कापतो हे दिसते, तो डोळे चुकवितो हे दिसते. जे पानाबाहेर लपून होते ते मात्र कोणास दिसत नाही. त्या दिवशी पानावर पेला आला, हे शास्त्रदृष्ट्या अशुभच म्हणावे लागेल. परंतु त्याबरोबर पंचवीस वर्षे पानाबाहेर राहिलेली हकीकतही आत आली. एकास आत घेतल्यावाचून दुसरी आली असती किंवा कसे, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

चार दिवसांनी आम्ही वडनेरास परतलो. सायंकाळी देवळात बायका जमल्या होत्या. पुण्यास काय काय पाहिले, म्हणून कोणी विचारले. सौ.नी पर्वतीचे नाव घेतले, सारसबागेतल्या गणपतीचे घेतले, आणि त्या थांबल्या. काकूंनी फुलवातींचे तबक खाली ठेवून सांगितले, "आणि पबात गेलो होतो. पोरानं एक पेला घेतला, माझ्यासमोर. टोमॅटो बरे होते, चहा पांचट." बायका क्षणभर गप्प राहिल्या. मग पलीकडल्या आळीतल्या एक जणी, ज्यांचा मुलगा नागपुरास नोकरीला असतो, हळूच काकूंजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्याला विचारलं कसं, ते मला सांगा."